जिवाणी

हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. यानाच्या नोंदीत त्या दिवसांचं सगळं आहे: टाक्यांचं तापमान, पाण्याची पातळी, सन्मतीचा ताप, कॅप्टनच्या सह्या. त्यात खोटं काहीच नाही. फक्त दोन गोष्टी त्यात नाहीत, आणि त्या दोन्ही माझ्या आहेत. पृथ्वीवर उतरायला अजून अकरा महिने आहेत. तोवर मी स्वतःची काहीतरी समजूत घालून घेईन, मला मी चांगली ओळखते. म्हणून आत्ताच लिहून टाकते.

मी ऋचा मगदूम. ‘उत्तरा’ यानावरची टाकीवाली. कागदावर माझा हुद्दा बराच लांबलचक आहे, पण यानावर मला टाकीवालीच म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. आम्ही चौघं निघालो होतो. कॅप्टन प्राची गेडाम चंद्रपूरच्या, डॉक्टर नौशाद इनामदार मिरजेचे, आणि यंत्रांचं सगळं पाहणारा सन्मती, माझा नवरा. लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाऊन परत यायला एकतीस महिने. एवढ्या दिवसांचं पाणी, हवा आणि भाजी कुणी बरोबर नेत नाही, कारण इतकं वजन उचलेल असं यानच नाही. थोडं न्यायचं आणि तेच तेच फिरवत राहायचं.

फिरवण्याचं काम माझ्या तीन टाक्या करतात. खरं तर टाक्यांतले जीव करतात. चौघांचं मलमूत्र, आंघोळीचं पाणी, भाजीचे देठ, सगळं पहिल्या टाकीत जातं. तिथले जिवाणू ते कुजवतात, त्यातून अमोनिया निघतो. अमोनिया झाडांच्या मुळांना जाळतो. म्हणून ते पाणी दुसऱ्या टाकीत जातं. तिथे प्लॅस्टिकचे हजारो मणी आहेत आणि मण्यांवर बुळबुळीत थर धरून दोन जातींचे जिवाणू राहतात. पहिली जात अमोनिया अर्धा बदलते, दुसरी त्याचं खत करते. ते खत तिसऱ्या टाकीत शेवाळाला आणि पुढे रोपांच्या वाफ्यांना मिळतं. रोपं हवा देतात, खायला देतात, आणि त्यांच्या पानांतून सुटलेली वाफ थंड करून आम्ही ती पाणी म्हणून पितो.

मधली टाकी सगळ्यांत नाजूक. तिच्यातले जिवाणू वाढायला फार सावकाश. दह्याचं विरजण एका रात्रीत लागतं, यांना अडीच महिने लागतात. आणि माणसाला वाचवणारं प्रतिजैविक त्यांना सरळ मारतं. त्यामुळे यानावर एक नियम होता: गोळी घेण्याआधी टाकीवालीला विचारायचं. कुणाला प्रतिजैविक द्यावंच लागलं तर त्याची लघवी टाकीत न सोडता पिशव्यांत भरायची आणि पिशव्या यानाच्या पोकळ भिंतीत ठेवून द्यायच्या. ते पाणी परत घ्यायचं नाही. भिंतीत पाणी असलं की बाहेरचे किरण थोडे अडतात, तेवढाच त्याचा उपयोग.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. माझं माहेर नांदणीचं, आणि सन्मतीचं घरही तिथलंच, दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही जैन. आई शेवटपर्यंत विहिरीचं पाणी काढायची आणि दुहेरी कपड्यातून गाळायची. गाळून झालं की कपडा उलटा धरून गाळलेल्याच पाण्यानं तो हलक्या हातानं धुवायची आणि ते धुतलेलं पाणी परत त्याच विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पाण्याला टेकवून मग कलती करायची. कपड्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून. त्याला जिवाणी म्हणतात. आई म्हणायची, “ज्या विहिरीतलं त्याच विहिरीत. दुसऱ्या विहिरीत सोडलंस तर मरतील ते, आणि पाप तुला.”

मी पुढे सूक्ष्मजीवांचीच डॉक्टरेट घेतली, पण ही सवय सुटली नाही. टाकीचा गाळणकपडा रोज सकाळी टाकीच्याच पाण्यात धुवून ते पाणी मी त्याच टाकीत परत सोडायची. पाणी फुकट घालवणं मला जमत नाही. कुणी पेल्यात घोटभर ठेवलं तरी माझं तोंड सुटायचं.

“ऋचा, तुमच्या घरी सासूबाईंनी तुमचा धसका घेतला असेल,” कॅप्टन मॅडम म्हणायच्या.

“सासू कुठली, मीच घेतलाय,” सन्मती म्हणायचा.

तेराव्या महिन्यात कॅप्टन मॅडमची अक्कलदाढ पिकली. गाल सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी मला विचारलं, मी होकार दिला, दहा दिवस गोळ्या चालल्या. दाढ बरी झाली. भिंतीत अठरा पिशव्या जमल्या, अठरा लिटर.

रोज वाफ्यांकडे जाताना त्या पिशव्या मला दिसायच्या. एका माणसाचं दहा दिवसांचं पाणी, चांगलं चक्रातलं पाणी, भिंतीत बंद. मी एक पिशवी घेऊन कोळशातून तीनदा गाळली. औषध उरलंय का ते दाखवणारी पट्टी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली. दुसरी पिशवी तशीच, तिसरीही. पट्टी खोटं बोलत नाही असं मला शिकवलेलं होतं. सकाळच्या पाळीला कुणी जवळ नसताना मी अठराही पिशव्या पहिल्या टाकीत सोडल्या. ज्या विहिरीतलं त्याच विहिरीत. रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालून मागे सारल्या. कुणाला सांगितलं नाही, कारण नियम मोडला होता. पुढे कधीतरी पाणी कमी पडलं की ऐटीत सांगेन, असं मनात होतं.

सहाव्या दिवशी मधल्या टाकीतला अमोनिया चढायला लागला. आठव्या दिवशी मण्यांवरचा थर सुटून पाण्यात तरंगायला लागला, दुधावरची साय फाटते तसा. वाफ्यांतली कोथिंबीर कडेनं करपली.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. आपलं यकृत औषधाच्या रेणूला एक शेपटी चिकटवतं. शेपटी लागली की औषध निकामी होतं आणि लघवीतून वाहून जातं. शेपटीवाला रेणू पाण्यात इतका मिसळतो की कोळशाला चिकटत नाही, आणि पट्टी फक्त बिनशेपटीचा रेणू ओळखते. पण ती शेपटी साखरेचीच एक जात असते. पहिल्या टाकीतल्या माझ्या जिवाणूंनी ती आवडीनं खाल्ली. शेपटी गेली आणि औषध पुन्हा जिवंत झालं. ते तसंच पुढच्या टाकीत गेलं.

हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं.

कॅप्टन मॅडमनी आम्हाला जेवणाच्या जागेत बोलावलं. “टाकी कशानं मेली?” एवढंच विचारलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सन्मती म्हणाला, “टाकीत हवा घुसळणारा पंप असणार. चार दिवस झाले, त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटायलाय. हवा कमी गेली असणार. माझंच लक्ष नव्हतं.”

मी तोंड मिटलं. नोंदीत नसलेली पहिली गोष्ट ही.

पंप धडधाकट होता. सन्मतीनं तो दोन दिवस खोलून तपासला. काही सापडेना, तर राखीव पंपही खोलला आणि त्याचे भाग काढून चालू पंपात बसवले. मी त्याला हत्यारं देत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पात्याला त्याचा पंजा लागला, अंगठ्याखाली खोल. पात्यावर टाकीचं पाणी होतं.

विरजण माझ्याकडे होतं. प्रत्येक टाकीवाली थोडे मणी वेगळ्या बाटलीत जपते. पण औषधाच्या पाण्यात ते टाकून उपयोग नव्हता. “हे पाणी नासलंय, सगळं काढा,” मी सांगितलं. मी टाकीवाली, माझा शब्द कोण मोडणार? टाकीतलं पाणी पिशव्यांत भरून भिंतीत गेलं आणि राखीव नव्वद लिटरांतलं एकोणऐंशी लिटर टाकीत ओतलं. मूठभर मणी त्यात सोडले. राखीव अकरा लिटर उरलं.

डॉक्टरांनी सन्मतीच्या हाताला टाके घातले आणि मला विचारलं, “पाच दिवस गोळ्या देऊ का? जखम घाण आहे.”

“टाकी ओली बाळंतीण आहे डॉक्टर,” मी म्हटलं. “पिशव्यांत घालवायला आता पाणी कुठंय? नुसतं धुऊन बघा ना.”

“बघू,” डॉक्टर म्हणाले. जखम वरून छान भरली.

तीन आठवड्यांनी सन्मतीला थंडी वाजून ताप आला. मग रोज यायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीवर यंत्र फिरवलं आणि आम्हा दोघींना बाजूला नेलं. जखमेतले जिवाणू रक्तात शिरून हृदयाच्या झडपेवर बसले होते.

“हात असता तर कापला असता,” ते म्हणाले. “झडपेला मी काय करू? सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागेल. औषध आहे माझ्याकडे.”

“आणि नाही दिलं तर?” कॅप्टन मॅडमनी विचारलं.

“महिना. फार तर.”

सहा आठवड्यांची लघवी पिशव्यांत घालवायची तर पंच्याहत्तर लिटर पाणी हवं. आमच्याकडे अकरा. न घालवता टाकीत सोडावी तर मूठभर मण्यांवर नुकतं धरलेलं विरजण जाईल, रोपं जातील, आणि मग चौघंही. उकळून पाणी परत मिळवायचं यंत्र पूर्वीच्या यानांवर असायचं, आमच्यावर वजन वाचवायला वगळलं होतं. ते नव्यानं करायचं तर नुसतं भांडं चालत नाही. यानाच्या फिरण्यानं येणारं वजन नावापुरतं, तेवढ्यात पाणी बुडाशी धरून राहत नाही, उकळलं की सगळा फेस. त्याला फिरतं पिंप लागतं आणि पिंपाला मोटर. सन्मतीनं तापात पडल्या पडल्या त्याचं चित्रही काढलं. सुटी मोटर एकच होती, राखीव पंपाची, आणि तो पंप त्यानंच खोलून, मोटरच्या तारा उसवून निकामी केला होता. नसलेला बिघाड शोधताना.

पृथ्वीवरून उत्तर यायला पाऊण तास लागायचा. ते आलं, गोड शब्दांत आलं, आणि त्याचा अर्थ एवढाच होता की निर्णय तुम्हीच घ्या.

निर्णय सन्मतीनं घेतला. कॅप्टन मॅडम त्याच्याशी बोलायला गेल्या, तर त्यानं त्यांना बोलूच दिलं नाही. “मॅडम, पंप माझा होता. टाकी माझ्यामुळं गेली. आता दुसऱ्यांदा घालवायची का? औषध राहू दे.”

कॅप्टन मॅडम बाहेर आल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी कोरडी होते.

त्यानंतरचे काही दिवस सन्मती विलक्षण शांत होता. ताप उतरला की चेष्टा करायचा. “ऋचे, माझ्या नशिबात पंपच वाईट. एक टाकीतला, एक छातीतला.” डॉक्टरांना तो म्हणाला, आपल्या चुकीचं आपणच निस्तरलं की माणसाला बरं वाटतं. हा माणूस माझी चूक आपली समजून तिच्यासाठी मरत होता, आणि त्यात समाधानी होता.

मी त्याला खरं सांगितलं. त्याचं मन मोकळं व्हावं म्हणून सांगितलं असं मला वाटत होतं. आता कळतं, मला माझ्याच छातीवरचं ओझं उतरवायचं होतं.

सकाळची वेळ होती, ताप नव्हता. मी त्याचं तोंड पुसलं आणि म्हटलं, “सन्मती, पंप चांगला होता.”

“म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. अठरा पिशव्या, कोळसा, पट्टी, शेपटी. तू पंप असणार म्हणालास आणि मी गप्प बसले, तेही. माझं संपल्यावर त्यानं आपल्या तळहाताकडे, त्या भरलेल्या जखमेकडे पाहिलं.

“मग माझं काय चुकलं होतं?” त्यानं विचारलं.

“काही नाही.”

“मग मला औषध दे.”

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस तो मरायला तयार होता ते फेडायचं म्हणून. फेडायचं काही नव्हतंच हे मीच सांगितल्यावर तो तयार का असावा?

“ऋचा, मला जगायचंय. डॉक्टरांना सांग, औषध सुरू करा म्हणून.”

“पाणी नाही रे.”

“माझ्या वाटणीचं आहे की. चौथा हिस्सा.”

“तो टाकीत आहे. काढला तर टाकी उभी राहत नाही. मग तूही नाही आणि ते दोघंही नाहीत.”

“आणि तू.”

“आणि मी.”

“चूक तुझी आणि मरायचं मी?” तो हळूच म्हणाला. आवाज चढवायची ताकद नव्हती. “सांग की. मी का मरायचं?”

मी त्याचा हात धरायला गेले, तर त्यानं तो पांघरुणात घेतला. “जा,” म्हणाला.

त्यानं ठरवलं असतं तर कॅप्टन मॅडमना सांगून मला उघडं पाडलं असतं. सांगितलं नाही. मला सांभाळून घेतलं की माझं नाव घेण्याचाच कंटाळा आला, ते मला माहीत नाही. नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. डॉक्टरांच्या हातून पाणी प्यायचा. मी आले की भिंतीकडे वळायचा. मी रोज टाकी बघायची, कपडा धुवायची, पाणी परत सोडायची, आणि मग त्याच्या पाठीकडे बघत बसायची.

नवव्या दिवशी दुपारी त्यानं मला नावानं हाक मारली. मी धावत गेले. त्याचे ओठ काळे पडले होते.

“मला तुझ्या टाकीत घालू नकोस,” तो म्हणाला. “बाहेर सोडा. एवढं तरी ऐक.”

“बरं,” मी म्हटलं.

“वचन?”

“वचन.”

चार तासांनी तो गेला. आम्ही तिघं हात जोडून उभे राहिलो. डॉक्टर त्यांच्या पद्धतीनं काही पुटपुटले, मी णमोकार म्हटला.

यानावर कुणी वारलं तर देह पहिल्या टाकीत जातो. निघताना सगळ्यांनी त्यावर सही केलेली असते. पण एक सवलत आहे. माणसानं मरण्यापूर्वी यानावरच्या कुणापाशीही नको म्हटलं, तर त्याचा शब्द पाळायचा. कॅप्टन मॅडमनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, “ऋचा, तो काही बोलला होता का? कसं करायचं?”

मधल्या टाकीतला थर कुठेकुठे धरायला लागला होता. राखीव अकरा लिटर. सन्मतीचं वजन बासष्ट किलोवरून पंचावन्नवर आलं होतं, त्यात तेहतीस लिटर पाणी, शिवाय टाकीला हवं ते सगळं. आणि त्यानं औषधाचा एक थेंबही घेतलेला नव्हता, त्यामुळे टाकीला कसलाच धोका नव्हता. हा हिशोब माझ्या डोक्यात तिथेच, त्याच्याजवळ उभी असताना झाला. अकरा लिटरवर आम्ही तिघं कदाचित निभावलो असतो. कदाचित नसतो. खरं सांगितलं असतं तर कॅप्टन मॅडमनी त्याला बाहेर सोडलं असतं, त्यांनी शब्द मोडला नसता.

“काही बोलला नाही,” मी म्हटलं.

ही दुसरी.

टाकी आता जोरात आहे. मण्यांवर चांगला जाड, तपकिरी थर आहे, कोथिंबीर हातभर वाढलीय. मी अजून रोज सकाळी गाळणकपडा धुते आणि ते पाणी परत टाकीत सोडते, कपडा टेकवून, हलक्या हातानं. रोज आईचं बोलणं कानात येतं. दुसऱ्या विहिरीत सोडलंस तर पाप तुला. सन्मतीची विहीर नांदणीला होती. आमच्या लग्नाआधी तो उन्हाळ्यात तिच्यात पोहायचा, आणि पाणी गढूळ करतो म्हणून आई त्याला काठी घेऊन हाकलायची.

कपडा वाळत घातला की मी तिघांचा चहा ठेवते. काल कॅप्टन मॅडमनी पेला हातात घेतला, घोट घेतला आणि म्हणाल्या, “ऋचा, पाणी आता किती छान लागतंय.”

मी हो म्हटलं, आणि माझा पेला तळापर्यंत संपवला.